फळीवरची तिसरी किल्ली

३ जानेवारी

डॉक्टरांनी रक्तदाब रोज लिहून ठेवायला सांगितलाय. औषधांच्या दुकानदाराने नव्या वर्षाची डायरी दिली, तिच्यातच लिहितो. वरचा १५२, खालचा ९४. झालं. पण एवढ्या मोठ्या पानावर दोन आकडे टाकून उरलेलं पान कोरं ठेवणं माझ्या जिवावर येतं. मी कोरी किल्लीसुद्धा कधी वाया घालवत नाही.

तर मी किल्लीवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर अडतीस वर्षं दुकान आहे. लग्नाचं माझं राहून गेलं. घरात मी आणि माझी थोरली बहीण, ताई. मशीनचा पट्टा माझ्या दंडाला तीच बांधते आणि इतका आवळते की निम्मा दाब तिचाच असावा. डायरी लिहितोय म्हटल्यावर म्हणाली, "लिही. माझ्याबद्दल लिहिलंस तर मला वाचून दाखवायचं." वाचून दाखवणार नाही.

९ जानेवारी

१४८/९२. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून फळी पुसली.

फळीबद्दल लिहायलाच हवं, कारण ती माझी सगळी कमाई आहे. दाराचं नवीन लॅच तीन किल्ल्यांसह येतं. पुलापलीकडे एक किल्लीवाला आहे (त्याचं नाव लिहिणार नाही, डायरीला गंज चढेल), तो तिन्ही किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवून मोकळा होतो. मी दोन देतो. तिसरीला पितळी बिल्ला अडकवून ती माझ्या फळीवर लावतो आणि वहीत नंबर टाकतो. गिऱ्हाईक किल्ली हरवून रडत आलं की वहीत सही घ्यायची, फळीवरची किल्ली द्यायची, आणि तिच्या जागी नवी घडवून लावायची. आजवर कोणाला दार फोडावं लागलेलं नाही. आज मोजल्या, ३१२ भरल्या. अर्धं गाव माझ्या जिवावर निर्धास्त झोपतं.

सात नंबर ताईच्या खोलीचा आहे. एकतीस वर्षांपूर्वी ती इथे राहायला आली तेव्हा मागच्या खोलीला मीच लॅच बसवून दिलं होतं. तरी ती रात्री आतून दोन कड्या लावते आणि वर दारामागे स्टीलची बादली ठेवते. मी कितीदा म्हटलं, किल्लीवाल्याच्या घरात शिरायला चोराला काय वेड लागलंय? ती म्हणते, सवय.

१७ जानेवारी

आज दुकानात एक बाई आल्या. काखेत फायली, खांद्याला पिशवी, पायात पळायचे बूट. म्हणाल्या, "मी संरक्षण अधिकारी." मला वाटलं सैन्यातल्या असतील, मी उठून उभा राहिलो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, बसा. घरात ज्या बायकांना आणि मुलांना मारहाण होते त्यांच्यासाठी कोर्टात अर्ज लावायचा आणि हुकूम झाला की तो पाळला जातोय ना हे पाहायचं, हे त्यांचं काम.

एक हुकूम झाला होता. नवऱ्याने घरात पाऊल टाकायचं नाही, मुलीच्या शाळेपाशी जायचं नाही. मुलीला भेटायचं तर रविवारी चार ते पाच, अधिकारीबाईंच्या कचेरीत, त्यांच्या समोर. आणि घराचं कुलूप बदलायचं.

मी विचारलं, "घर कोणाच्या नावावर?"

"नवऱ्याच्या."

"मग बाहेर तोच कसा?"

"काका, घर कागदावर कोणाचं ते दुसरं कोर्ट बघेल. हे कोर्ट एवढंच बघतं की त्या घरात राहणाऱ्या बाईला तिथे सुखाने राहता येतंय का. एरवी काय होतं माहितीये? मार खायचा तिने, आणि घर सोडायचं पण तिनेच."

पटलं. घरी येऊन ताईला सांगितलं. म्हटलं, कायदा आता फार सुधारलाय बघ, मार खाणाऱ्या बाईला आता घर सोडावं लागत नाही. ती म्हणाली, "हो का." आणि बराच वेळ एकच पातेलं घासत बसली. म्हातारपण, दुसरं काय.

१८ जानेवारी

लॅच बसवून आलो. तिसरा मजला, जिन्याला कठडा डाव्या हाताला, दार चांगल्या लाकडाचं. जुनं कुलूप काढलं तेव्हा त्याच्याभोवती लाकडाला चिरा दिसल्या, बाहेरून लाथा बसल्यावर पडतात तशा. मी बुजवून दिल्या.

बाई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मी तिला चष्मेवाली म्हणतो. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहते, धंद्याची सवय असेल. माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय, काका. स्क्रूच्या खाचेत पेचकस तीनदा चुकला." कोणाच्या घरी जाऊन अपमान करून घ्यायची मला सवय नाही, पण खरं होतं.

तिची मुलगी आठ वर्षांची आहे, आणि प्रश्न विचारणं थांबवत नाही. मी तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं. तिला आवडलं.

"कुलपाला कळतं का, कोण आलंय ते?"

"नाही. त्याला फक्त किल्ली कळते."

"मग वाईट माणसाकडे किल्ली असली तर?"

"तर तो किल्लीवाला वाईट," मी छाती काढून म्हटलं.

अधिकारीबाईंनी कागद पुढे केला. नवीन कुलपाच्या सर्व किल्ल्या अर्जदार बाईंच्या ताब्यात दिल्या, इथे सही करा. चष्मेवालीच्या हातात दोन किल्ल्या ठेवल्या, सही ठोकली. दुकानात येऊन तिसरीला बिल्ला लावला. ३१३.

२ फेब्रुवारी

१४४/९०. डॉक्टर खूश. ताई म्हणते, आकडे खाली येण्याचं श्रेय तिच्या आळणी स्वयंपाकाला आहे. मी म्हणतो, लिहिण्याला.

ताईला मी चष्मेवालीच्या दुकानात पाठवलं होतं. दोघींचं सूत असं जुळलंय की विचारू नका. आता चष्मेवाली शनिवारी मुलीला घेऊन आमच्याकडे येते. त्या दोघी मागच्या खोलीत दार लावून बोलत बसतात आणि प्रश्नपत्रिका पुढच्या खोलीत माझा पेपर घेते. गंज कशाने चढतो, हत्ती कुलूप तोडेल का, तुम्हाला दात किती. मागच्या खोलीत एवढं काय बोलायचं असतं, ते मला कळत नाही. गप्पांच्या मध्ये दोघी गप्पही बसतात, आणि मग एकदम हसायला लागतात.

ताईला मैत्रीण मिळाली हे बरं झालं. तिचा स्वभाव तसा तुटक. मला आठवतंय, ती राहायला आली त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मेहुणे दुकानात आले होते. काय माणूस होता! आवाज चढवून बोलणं ठाऊक नाही. म्हणाले, तुमच्या ताईला न सांगता भेटायचंय, जरा चकित करतो. मी सात नंबर काढून दिला आणि वर चहा पाजला. संध्याकाळी घरी जातो तर मेहुणे निघून गेलेले आणि ताईच्या मनगटाला पट्टी. बादली उचलताना मुरगळलं, म्हणाली. महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. जिच्यासाठी एवढा नवरा धावत आला तिने असं तोंड फुगवून बसावं? बायकांचं काही कळत नाही. मेहुण्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली.

२० फेब्रुवारी

१४२/८८. फळीवरच्या ४० नंबरला गंज. तेल दिलं.

११ मार्च, दुपारी बारा

दुकानात बसूनच लिहितोय, कारण आज मन प्रसन्न आहे.

अकराच्या सुमाराला एक आजी आल्या. सत्तरीच्या, हातात पिशवी, दम लागलेला. मी स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाल्या, मी अमक्या घरची. चष्मेवालीच्या सासूबाई निघाल्या. सून सकाळी घाईत किल्ली आतच विसरून कामावर गेली, नात दीड वाजता शाळेतून येईल, पोर दारात उन्हाची उभी राहील. तुमच्याकडे एक किल्ली असते असं बाजारात ऐकलं, म्हणून आले. नातीबद्दल बोलताना डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

एक क्षण मनात आलं, हुकूम आहे. पण हुकूम नवऱ्याला आहे. आजीला कोणी घरात यायला मनाई केलेली नाही, मी स्वतः वाचलाय. आणि प्रश्नपत्रिका दारात उभी राहणार म्हणजे शेजाऱ्यांचा जीव खाणार. वहीत सही घेतली (अक्षर मोत्यासारखं), ३१३ काढून दिली. जाताना आजींनी भलं होवो म्हटलं.

फळीचा असा उपयोग होतो तेव्हा आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटतं. पुलापलीकडच्याला हे सुख कधी कळायचं नाही.

११ मार्च, संध्याकाळी

अक्षर बघा, ओळ सोडून पळतंय. मशीन लावलं नाही, लावलं असतं तर फुटलं असतं.

पावणेएकला घरी जेवायला गेलो. पहिल्याच घासाला ताईला आजींची गोष्ट सांगितली. मला वाटलं शाबासकी मिळेल. तिच्या हातातला घास ताटात पडला. म्हणाली, "ऊठ."

"जेवू तर दे."

"तुला ऊठ म्हटलं ना."

तिने हातही धुतला नाही. डाव्या हाताने अधिकारीबाईंना फोन लावला आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मग माझ्या स्कूटरवर बसली. माझ्या स्कूटरवर ताई गेल्या सोळा वर्षांत बसलेली नाही, तिला ती भंगार वाटते. आज मागून म्हणत होती, "आणखी जोरात पळत नाही का ही?"

मी वाटेत म्हणत होतो, अगं ती म्हातारी बाई, ती काय करणार? ताई म्हणाली, "म्हातारीने किल्ली आणली. आत तो बसणार आहे. पोरगी दीड वाजता दप्तर घेऊन येईल आणि दार आपोआप उघडेल."

तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. स्कूटर चालवताना सरकली, म्हणजे बघा.

तिसऱ्या मजल्यावर पोचलो. दार बंद, सगळं शांत. मी म्हटलं, कोणी नाही गं. ताईने मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं, जमिनीवर आडवी झाली (सहासष्ट वर्षांची बाई!) आणि दाराखालच्या फटीतून पाहिलं. उठून माझ्या कानात म्हणाली, "खुर्चीचे चार पाय आणि बुटांचे दोन. दाराकडे तोंड करून बसलाय, पंखासुद्धा लावलेला नाही. असेच बसतात."

लॅच तर माझंच, पण त्याची किल्ली आत. आणि घड्याळात एक वाजून वीस मिनिटं. ताईने दाराकडे पाहिलं. त्या दाराला बाहेरून जुनी कडी होती, जाड लोखंडाची. जानेवारीत मी चष्मेवालीला म्हटलंही होतं, काढून टाकू का, उगाच दिसते. ताईने ती कडी अशी अलगद सरकवली की मला धंद्यातल्या माणसाला आवाज आला नाही. मग माझ्यापुढे हात केला. मी खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीतलं सर्वांत मोठं कुलूप तिच्या हातावर ठेवलं. सात लिव्हरचं. गोदामासाठी आणलं होतं.

कुलूप लागल्याचा खट्‌ आवाज मात्र झाला. आत खुर्ची सरकली. "कोण आहे?" आवाज अगदी गोड, सभ्य. ताई पायरीवर बसली, दाराकडे तोंड करून, मांडीवर हात ठेवून. मला म्हणाली, "तू खाली जा. पोरीला वर येऊ देऊ नकोस."

"आणि तू एकटी?"

"माझं राहिलंय जरा," ती म्हणाली. काय राहिलं होतं कोण जाणे. मी खाली पळालो.

प्रश्नपत्रिका शाळेच्या गाडीतून उतरली. मी म्हटलं, चल, तुला माझी फळी दाखवतो. वरून आता आवाज यायला लागले होते, दारावर धक्के, आणि तो गोड आवाज मुळीच गोड राहिला नव्हता. पोरगी तो आवाज ओळखते. तिचा हात माझ्या हातात एकदम बारीक झाला. एकही प्रश्न न विचारता ती माझ्याबरोबर चालायला लागली, आणि मला रडू आलं. तिने काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं.

पंधरा मिनिटांत अधिकारीबाई आल्या, पळतच. मागोमाग पोलीस, हातात हुकुमाची प्रत. चष्मेवाली दुकानातून थेट माझ्या दुकानात आली आणि मुलीला घट्ट धरून बसली. वर काय झालं ते ताईनेच सांगितलं. पोलिसांनी कुलूप उघडायला सांगितलं तेव्हा अधिकारीबाईंनी विचारलं, "कडी कोणी लावली?"

"वाऱ्याने लागली असेल," ताई म्हणाली.

"आणि कुलूप?"

"ते माझ्या भावाने सवयीने लावलं. त्याला उघडी कडी बघवत नाही."

अधिकारीबाई म्हणाल्या, मला हे ऐकू आलं नाही. पोलीस त्याला चौकीत घेऊन गेले.

मग दुकानात प्रश्नपत्रिकेने पहिला प्रश्न विचारला. "किल्ली तुम्ही दिली?"

"हो."

"मग तुम्ही वाईट आहात?"

चष्मेवाली म्हणाली, गप. मी म्हटलं, विचारू दे. मी वाईट नाही, मूर्ख आहे, आणि आज त्यात फारसा फरक नव्हता. तिने थोडा विचार केला आणि मान डोलावली. लॅच मी संध्याकाळीच बदलून आलो. तिन्ही किल्ल्या चष्मेवालीच्या हातात मोजून दिल्या.

ताई टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघते त्याचा आज असा उपयोग झाला.

१२ मार्च

१६८/१०२. जेवलो नाही.

१४ मार्च

अधिकारीबाईंनी कचेरीत बोलावून माझी बिनपाण्याने केली. "सर्व किल्ल्या म्हणून सही केलीत ना?" मी म्हटलं, तिसरी किल्ली गिऱ्हाइकाची असते हे अडतीस वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती दुकानाची, असं मी धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, "काका, तिच्या दाराची किल्ली तुमची कशी?" घर नवऱ्याचं, मग बाहेर तोच कसा, असं दोन महिन्यांपूर्वी मीच विचारलं होतं. तेव्हाही बहुधा माझ्या डोक्यात हीच गाठ होती.

मग म्हणाल्या, आता कोर्टात येऊन हे सांगायचं. मी म्हटलं, सगळ्या गावासमोर? माझी अब्रू? त्या म्हणाल्या, "ती वही पण आणा."

येताना ताईला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "या वेळी खरं सांग." या वेळी म्हणजे काय, मी कधी खोटं बोललो?

२७ मार्च

१५०/९०, कोर्टात जाण्यापूर्वी. नंतरचा आकडा नाही, कारण नंतर मी हसत होतो.

न्यायाधीश बाई आहेत, चष्मा नाकावर, आवाज हळू. नवऱ्याचे वकील म्हणाले की आमचे अशील हुकूम मानणारे गृहस्थ आहेत, ते फक्त दारापर्यंत गेले होते, आणि त्यांच्या आईने कुठलीही किल्ली आणलेली नाही. मग मला उभं केलं. मी सगळं सांगितलं. फळी, बिल्ले, आजींना दिलेलं पाणी, आणि माझ्या फुशारक्याही. वही पुढे केली. मोत्यासारख्या अक्षरातली सही पाहून आजींनीच मान खाली घातली. म्हणाल्या, "तो फक्त बोलणार होता. घर मोडायला नको म्हणून केलं मी."

चष्मेवाली शांतपणे म्हणाली, "आई, मागच्या वेळीही तो फक्त बोलणारच होता."

आजी हातातली पिशवी चाचपत राहिल्या. मला त्यांचा राग आला नाही. मीही तेच केलं होतं, फक्त मला ते नीट दिसत नव्हतं.

एवढ्यात वकील तावातावाने म्हणाले की माझ्या अशिलाला या इसमाने आणि याच्या बहिणीने बेकायदा कोंडून ठेवलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "आपले अशील फक्त दारापर्यंत गेले होते ना? मग त्यांना दाराच्या कुठल्या बाजूला कोंडलं?"

वकील कागद चाळायला लागले. अजून चाळत असतील.

हुकूम वाढवून मिळाला. आता नवऱ्याच्या वतीने आईने, मित्राने किंवा आणखी कोणीही त्या घरात शिरायचं नाही, आणि हुकूम मोडल्याचा गुन्हा वेगळा चालणार. उठता उठता बाईंनी मला विचारलं, "अशा किती किल्ल्या आहेत तुमच्या फळीवर?"

"तीनशे बारा, मॅडम. आपल्या क्वार्टरची एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरला आहे."

कोर्टात एवढा हशा मी पाहिला नव्हता. कोर्टच पाहिलं नव्हतं म्हणा. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती आज संध्याकाळी पाचपर्यंत माझ्या टेबलावर पाहिजे." साडेचारला नेऊन दिली.

५ एप्रिल

१३८/८६. रोज पाचपन्नास किल्ल्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवतोय. निम्मे लोक विचारतात, ही तुमच्याकडे होती? आम्हाला ठाऊकच नव्हतं. एक शिक्षक तर पांढरेफटक पडले. शनिवारी प्रश्नपत्रिका बिल्ले मोजते आणि रिकाम्या हुकांना तिची चित्रं अडकवते. रविवारी ती वडिलांना भेटायला जात नाही. तशी तिच्यावर सक्ती नाही, अधिकारीबाईंनी तिला स्वतःला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला विचारलं म्हणून छान वाटलं." काल तिचा प्रश्न होता की हत्तीने कुलूप गिळलं तर किल्ली कुठून घालायची. माझा जीव भांड्यात पडला.

१८ एप्रिल

१३४/८४. फळीवर एकच किल्ली राहिली. सात नंबर.

आज दिवसभर तिच्याकडे बघत होतो. दुपारी हे पान उघडलं आणि मागची पानं वाचली. दोन फेब्रुवारीचं पान दोनदा वाचलं. माझ्याच अक्षरात आहे. दुकानात मेहुणे, गोड आवाज, चहा, किल्ली, पट्टी. बादली उचलताना मनगट असं मुरगळत नाही. आणि हे मला तेव्हा कळलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? मला कळून घ्यायचं नव्हतं. कळलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

दुकान लवकर बंद केलं.

१९ एप्रिल

काल घरी गेलो तेव्हा ताई चष्मा लावून वाटाणे सोलत होती. मी सात नंबरची किल्ली तिच्यापुढे ठेवली. रस्ताभर वाक्य पाठ करत गेलो होतो, ऐन वेळी सगळं विसरलो. म्हटलं, "ताई, माझं चुकलं."

"कुठल्या दिवसाचं बोलतोस?"

"दोन्ही."

तिने वाटाणे बाजूला ठेवले. मग म्हणाली, "चल, लावून बघ." मला मागच्या खोलीच्या दाराशी नेलं. एकतीस वर्षांत त्या कुलपाला मी हात लावला नव्हता, ती लावूच द्यायची नाही, तेलाचे हात नकोत म्हणायची. मी सात नंबर घातला. अर्ध्यावर अडला. पुन्हा घातला. वाकून पाहिलं तर लॅच माझं नव्हतंच. पुलापलीकडच्याचं होतं, कडेला त्याचा शिक्का.

"कधी बदललंस?"

"त्याच आठवड्यात. पट्टीच्या हाताने चालत गेले होते पुलापलीकडे."

"त्याच्याकडे? त्याच्याकडे, ताई?"

"तुझ्याकडून घेतलं असतं तर तू तिसरी किल्ली फळीवर लावली असतीस."

मी उंबऱ्यावर बसलो आणि रडलो, आणि ती हसायला लागली. एवढी हसली की तिच्याही डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, "एकतीस वर्षं तू त्या किल्लीला तेल घालतोयस. मला किती वेळा सांगावंसं वाटलं."

मी विचारलं, "मग इथे राहिलीस कशी माझ्याकडे?"

"किल्ली दिलीस खरी. पण परत जा, असं तू एकदाही म्हणाला नाहीस. बाकी सगळे म्हणाले." मग पुन्हा वाटाणे ओढून घेतले. "आणि तुझ्या पुलापलीकडच्याचं कुलूप दोन वर्षं अडकतंय. तुला सांगता येत नव्हतं, म्हणून रोज त्याच्याशी झगडतेय मी."

आज सकाळी नवीन लॅच बसवलं. पेचकस एकदाही चुकला नाही, नव्या चष्म्याची कृपा. तिन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवल्या. एक तिने कमरेला लावली, एक कपाटात ठेवली. तिसरी बराच वेळ बोटात फिरवत राहिली आणि मग माझ्यापुढे धरली.

"ही तुझ्याकडे असू दे. आत आजारीबिजारी पडले तर."

मी म्हटलं, "नको."

"मी देतेय," ती म्हणाली. "तू घेत नाहीयेस."

वरचा १२८, खालचा ८२. मशीन बिघडलंय का म्हणून ताईने दोनदा पाहिलं. किल्लीला बिल्ला लावला नाही. चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.